नावाची पेटी

आंबेदऱ्याच्या संकपाळांच्या घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याचं नाव ठेवतात आणि त्याच दिवशी परसात त्याच्या नावाची एक मधपेटी मांडतात. पेटीवर गेरूने नाव लिहायचं, आत सातेरी माश्यांची एक वसाहत बसवायची, आणि पोर झाकण उचलण्याएवढं झालं की पेटी त्याची. तिच्यातला मध त्याने खावा, विकावा, नाहीतर माश्यांनाच ठेवावा. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या पेटीला हात लावायचा नाही, मग तो गावात असो, परदेशात असो, की रुसून कुठे जाऊन बसलेला असो. हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नाही. संकपाळांनी आजवर मोडलेल्या नियमांची यादी बरीच मोठी होईल, पण त्यात हा नियम सापडायचा नाही.

हर्षदाची आणि विशूची पेटी जांभळाखाली शेजारीशेजारी होती. हर्षदा थोरली. लग्न होऊन कराडला गेली, तिथे काही जमलं नाही, आणि एका दुपारी एसटीतून उतरून ती परत माहेरी आली ती कायमचीच. वडील, आप्पा, होते तोवर त्यांच्या हाताखाली आणि आप्पा गेल्यावर एकटीने तिने मधपाळाचा धंदा असा वाढवला, की परसातल्या पेट्या ओढा ओलांडून पार समोरच्या उतारावर चढल्या. विशू, म्हणजे विश्वजीत, धाकटा. त्याचं कौतुक करायचं तर असं म्हणता येईल, की सह्याद्रीपासून राजस्थानापर्यंत त्याला काम न दिलेला माणूस शोधून काढणं अवघड होतं. वाळवंटातले सौर पॅनेल पुसणाऱ्या यंत्रांच्या मागे तो वर्षभर फिरला, मग गोव्याला विजेच्या होड्या चालवल्या, मध्येच आळंब्या पिकवल्या. प्रत्येक वेळी घरी येताना नवी कल्पना आणायचा आणि जाताना ती इथेच ठेवून जायचा. आळंब्यांचे रिकामे ट्रे अजून माळ्यावर होते.

आता हे सगळं तोवर ठीक चाललं होतं, जोवर नाचकाडी आली नव्हती.

ती बनवणाऱ्या कंपनीने तिला मोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण खोऱ्यात पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं झालं ते नाचकाडी म्हणूनच. ती घेऊन पुण्याहून कंपनीची मृण्मयी आगाशे आली. कीटकशास्त्र शिकलेली, अंगाने बारीक, बोलायला लागली की चहा गार होऊन जायचा. तिने ती काडी हर्षदाच्या हातावर ठेवली. मेण चोपडलेली, अगरबत्तीपेक्षा थोडी जाड, टोकाला माशीच्या आकाराची गाठ.

"हर्षदाताई, माशी रानातून परत आली की पोळ्यावर नाचते, हे तुम्ही पाहिलंच असेल."

"लहानपणापासून पाहतेय. शेपूट हलवत सरळ चालते, मग वळून परत तिथंच येते."

"ती सरळ चाल म्हणजे पत्ता असतो. पोळं उभं, आत अंधार. वरची दिशा म्हणजे सूर्य असं समजायचं. माशी वरच्या बाजूला सरळ चालली तर फुलं सूर्याच्या दिशेला. उजवीकडे कलून चालली तर सूर्याच्या तेवढंच उजवीकडे. आणि जितका वेळ शेपूट हलवील तितकं लांब. बाकीच्या माश्या तिला अंगाने चाचपतात आणि थेट तिथे जातात."

नाचकाडी नेमकं हेच करायची. पोळ्यात खोचली की टोकाची गाठ थरथरत नाचायची आणि थेंबभर पाकही द्यायची, म्हणजे माश्यांचा विश्वास बसावा. कुठे पाठवायचं हे ती नकाशावरून ठरवायची. आकाशातले उपग्रह आणि कंपनीचे ड्रोन खोऱ्यावरून फिरून कुठे हिरडा फुललाय, कुठे गेळा, कुठे जांभूळ, ते रंगावरून ओळखायचे आणि प्रत्येक पेटीला तिच्या जवळचा सर्वांत दाट बहर नेमून द्यायचे. पेटीच्या दाराशी एक बारीक काटा बसवलेला असायचा. परत येणारी माशी भरलेली की रिकामी, हे तो तिच्या वजनावरून ओळखायचा. हर्षदाच्या फोनच्या पडद्यावर दोन रकाने उमटायचे : भरल्या फेऱ्या आणि रिकाम्या फेऱ्या.

"आणि हे काय?" हर्षदाने पडद्यावरच्या एका चाकावर बोट ठेवलं. त्यावर 'शिस्त' असं लिहिलं होतं.

मृण्मयीने तिचं बोट हळूच बाजूला केलं. "ते जपून वापरायचं. असं बघा, रानात पोट भरणाऱ्या प्रत्येक जिवाला एक प्रश्न रोज सोडवावा लागतो. आहे तिथेच राहू, की दुसरीकडे शोधू? पाखरू एका झाडावरच्या अळ्या पार संपेपर्यंत तिथे बसत नाही. या झाडावर आता रानातल्या सरासरीपेक्षा कमी मिळायला लागलं असं वाटलं की उडतं. लवकर उडालं तर मिळतं ते सोडलं, उशिरा उडालं तर वेळ गेला. माश्यांनी या प्रश्नावर वेगळीच तोड काढलीय. त्यांनी कामच वाटून घेतलंय. बहुतेक जणी नाच बघून सांगितलेल्या जागी जातात. पण थोड्या जणी नाचाकडे ढुंकूनही बघत नाहीत. उठतात आणि कुठेही भटकायला जातात."

"आणि रिकाम्या परत येतात."

"बहुतेक वेळा, हो. शिस्त वाढवली की काडी सतत नाचत राहते. मग रिकामी बसलेली माशी भटकायला निघायच्या आतच तिला काम लागतं. भटक्या कमी होतात, मध वाढतो. पण मी म्हणेन, चाक अर्ध्यावर ठेवा. भटकणाऱ्या माश्या कशासाठी असतात ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

हर्षदाने चाक अर्ध्यावर ठेवलं. त्या हंगामात मध इतका आला, की तिला नवी पिंपं आणावी लागली. नाचकाडी सगळ्या पेट्यांत बसली, हर्षदाच्या स्वतःच्या नावाच्या पेटीतही. राहिली फक्त विशूची. हर्षदा काडी घेऊन त्या पेटीकडे गेली तेव्हा आई जांभळाखाली शेंगा सोलत बसली होती.

"त्याला इचारलंस का?" आई म्हणाली.

हर्षदाने विशूला फोन लावला. तो तिकडून हसला. "नको गं ताई. माझ्या माश्यांना नाचता येतं."

तर विशूची पेटी तशीच राहिली. तिच्या दारालाही आईने काटा बसवू दिला नाही, त्यामुळे तिच्या रिकाम्या फेऱ्या किती ते कुणालाच कळायचं नाही, आणि हर्षदाला येताजाता त्या पेटीचा उगाचच राग यायचा.

माणसाला एकदा मोजायची सवय लागली की ती पेटीपाशी थांबत नाही. हर्षदा सकाळी उठून आधी पडदा बघायची. रिकाम्या फेऱ्यांचा रकाना तिच्या डोळ्यांत खुपायचा. एवढ्या माश्या उडतात, दमतात, पेटीतलाच मध खाऊन परत उडतात आणि हात हलवत येतात! तिने चाक अर्ध्यावरून थोडं पुढे केलं. मग आणखी थोडं. आणि नकळत ती घरातल्या माणसांकडेही त्याच डोळ्यांनी बघायला लागली. आई देवळात जाऊन बसायची ती रिकामी फेरी. शेजारच्या काकूंच्या गप्पा, रिकामी फेरी. आणि विशू? विशूचा तर सगळा जन्मच त्या रकान्यात बसत होता.

अशातच उन्हाळ्यात विशू आला. या वेळी त्याने समुद्री शेवाळाच्या खताचं पिंपच्या पिंप भरून आणलं होतं. ते खत म्हणे भाताला अमृत. पिंपाचं झाकण उघडल्यावर मात्र अर्धी आळी नाकाला पदर लावून घरात गेली, आणि कुत्र्यांनी दोन दिवस त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

"विशू, हे आता कुठं ठेवायचं?" हर्षदाने विचारलं.

"बघू की. कुणीतरी घेईल."

"कुणी घेत नाही. आळंब्या कुणी घेतल्या? तू येतोस, खातोस, झोपतोस, आणि काहीतरी इथं टाकून परत जातोस. माझ्या पेटीत अशा माश्या असत्या तर मी—" ती थांबली, पण सुरुवात झालीच होती. "या वेळेला जाशील ना, तर काहीतरी घेऊनच ये. हाताला काही लागलं तरच ये. नाहीतर येऊ नकोस."

 विशूला भांडता यायचंच नाही, हाही त्याचा एक दोषच म्हणायचा. तो परसात गेला, आपल्या पेटीचं झाकण उचलून थोडा वेळ आत बघत बसला, मग संध्याकाळपर्यंत कुठे दिसला नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेला. पिंप राहिलं.

आई त्या दिवशी हर्षदाशी एकच वाक्य बोलली, तेही भाकरी थापता थापता. "तू कराडवरनं आलीस, तवा तुझ्या हातात काय हुतं?"

 काय होतं ते हर्षदाला चांगलं आठवत होतं. काही नव्हतं. एक पिशवी, तीही फाटकी. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, का आलीस, काय झालं, काही विचारलं नाही, आणि आत तोंड करून म्हणाले होते, "चहा टाक गं. हर्षा आलीया."

आईचं म्हणणं खरं होतं. पण खरं ऐकलं की माणूस सुधारतोच असं नाही. हर्षदा आणखी ताठ झाली.

त्यातच ते कारवीचं वर्ष होतं.

कारवी डोंगरउतारावर एरवी नुसतीच हिरवी उभी असते. सात-आठ वर्षं ती काही म्हणजे काही करत नाही आणि मग एका श्रावण-भाद्रपदात सगळी मिळून एकदम फुलते. अख्खा डोंगर जांभळा होतो. त्यानंतर ती मरून जाते. आंबेदऱ्यात जुनी माणसं स्वतःचं वय कारवीत सांगतात. आई म्हणायची, मी आठ कारव्या बघितल्या. कारवीचा मध दाट, गडद, आणि पुन्हा सात-आठ वर्षं न मिळणारा. अशा वर्षी माशीने दुसरीकडे भटकायचं कारणच काय? जिकडे जाईल तिकडे फूलच. खोऱ्यातल्या सगळ्या मधपाळांनी शिस्तीचं चाक शेवटपर्यंत फिरवलं. हर्षदाने तर सगळ्यांच्या आधी फिरवलं. पडद्यावरचा रिकाम्या फेऱ्यांचा रकाना दोन दिवसांत जवळजवळ पुसला गेला आणि तिला इतकं बरं वाटलं, की संध्याकाळी तिने आईला शिरा करून घातला.

गणपती गेले. पितरांचा पंधरवडा लागला. पाऊस मात्र हटेना. मुसळधार नव्हे, नुसती चिवट रिपरिप, मध्येच तासभर उघडीप आणि पुन्हा रिपरिप. उघडीप झाली की माश्या निघायच्या, काडी दाखवील तिकडे, कारवीवर. रिकाम्या फेऱ्यांचा रकाना पुन्हा दिसायला लागला. वाढायला लागला. हर्षदाला वाटलं, काटा भिजून बिघडला असेल. मग एका सकाळी तिने बघितलं, पेट्यांच्या दाराशी पांढऱ्या अळ्या पडल्या होत्या. कामकरी माश्या आपलीच पिल्लं ओढून बाहेर टाकत होत्या.

ती कारवीच्या उतारावर गेली. फूल तोडून तिने बोटाने दाबलं. आत नुसतं पाणी. पराग भिजून काळा पडलेला. वरून बघितलं तर डोंगर जांभळाधम्मक, जवळून बघितलं तर सगळा डोंगर उपाशी.

मृण्मयी दुसऱ्या दिवशी भिजत पोचली. तिने नकाशा बघितला, फूल बघितलं आणि डोक्याला हात लावला. "ड्रोनला रंग दिसतो, ताई. आत मध आहे की नाही ते कसं दिसणार? खरी माशी नाचते ती पोटात काही पडलं तरच. रिकामी आली तर ती नाचतच नाही, आणि त्या जागेचं नाव आपोआप पुसलं जातं. आमची काडी रिकाम्या फुलांचं नाव घेऊन नाचतेय. आणि शिस्त पूर्ण असल्यामुळे..."  मी सांगितलं होतं, असं मात्र ती म्हणाली नाही. याबद्दल हर्षदा तिची कायम ऋणी राहिली.

सगळ्या काड्या बंद केल्या. पण बंद करून काय होणार? पेट्यांतल्या माश्यांना कारवीशिवाय दुसरी जागाच माहीत नव्हती. भटकायला गेलेली एकही माशी नव्हती, म्हणून बातमी आणणारंही कुणी नव्हतं. त्या पोळ्यावर नुसत्या गप्प बसून राहिल्या. आता भटकायला लागल्या असत्या तरी पावसाच्या फटीत, अर्ध्या पोटी, त्यांना किती वेळ लागला असता? हर्षदाने साखरेचा पाक करून ठेवला. पाकाने मोठ्या माश्या जगतात, पण पिल्लांना पराग लागतो आणि पराग काही चुलीवर शिजवता येत नाही. आणि पिल्लं मेली की सातेरी माशी थांबत नाही. आग्या माशीसारखी ती रागावत नाही, डसत नाही. एका उघडिपीला सगळी वसाहत राणीसकट शांतपणे उठते आणि निघून जाते.

पहिली पेटी उठली ती ओढ्यापलीकडची. दुसरी उठली ती जांभळाखालची, गेरूने 'हर्षदा' लिहिलेली. हर्षदाने झाकण उघडलं. रिकामं पोळं, आणि त्यात खोचलेली बंद काडी. आप्पा गेले त्या पावसाळ्यात त्यांच्या नावाची पेटीही अशीच उठली होती. हर्षदा त्या पेटीपाशी खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. आता ओळीने सगळ्याच जाणार, हे तिला दिसत होतं. आप्पांनी एका पेटीपासून मांडलेला धंदा तिने चाक फिरवून घालवला होता.

आई छत्री घेऊन आली. रडू नको वगैरे काही म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "जरा हिकडं बघ की."

शेजारची पेटी. विशूची. दाराशी माश्यांची ये-जा चालू होती, अगदी कारवीच्या आधी असायची तशी. आत शिरणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांना पिवळ्याजर्द परागाच्या गोळ्या होत्या.

अजून मुक्कामालाच असलेली मृण्मयी धावत आली. "ही काडीशिवायची पेटी? मग यांच्यातल्या भटक्या शाबूत आहेत. यांना कुठेतरी काहीतरी सापडलंय. ताई, झाकण उघडा, नाच बघू या. पत्ता मिळाला की तोच पत्ता आपण बाकीच्या पेट्यांत काडीने नाचवू."

हर्षदाचा हात झाकणापर्यंत गेला आणि थांबला. मृण्मयीला कळेना. आईला कळलं. ती मुकाट्याने दुसरीकडे बघत राहिली.

"त्याला विचारायला लागेल," हर्षदा म्हणाली.

उन्हाळ्यापासून तिने त्याला फोन केला नव्हता. घंटी वाजत राहिली, आणि तिला वाटलं, त्याने उचलूच नये. उचलला तर काय बोलायचं?

"ताई? आई बरी आहे ना?" विशूचा पहिला प्रश्न.

"बरी आहे. समोरच उभी आहे." मग तिने सगळं सांगितलं. पाऊस, कारवी, चाक कुणी आणि किती फिरवलं, सगळं. मध्ये काही लपवावंसं तिला वाटलं नाही. "तुझी पेटी तेवढी नीट आहे. उघडू का?"

तिकडे कुठेतरी यंत्राची घरघर चालली होती. "आणि तुझी?" त्याने विचारलं.

"गेली."

 विशूला माहीत होतं, नावाची पेटी उठणं म्हणजे काय असतं. मग म्हणाला, "उघड. झाकण हळू काढ, डाव्या अंगाची खीळ ढिली आहे. आणि काडी तेवढी घालू नको. ठेवतो गं, बर्फाची गाडी लागलीय." तो रत्नागिरीच्या बंदरावर मासळीच्या शीतगृहात होता, हे तिला तेव्हा कळलं. स्वतःहून तिने कधी विचारलंच नव्हतं.

झाकण हळू काढलं. मधल्या पोळ्यावर एक माशी नाचत होती. तिच्याभोवती बाकीच्यांचं कोंडाळं. वरून डावीकडे कललेली चाल, शेपटीची भराभर थरथर, वळसा, पुन्हा तीच चाल. मृण्मयीने छोटा कॅमेरा धरला, सूर्य ढगांमागे कुठे असेल ते बघितलं आणि नकाशावर रेघ ओढली. रेघ थेट कड्याच्या पलीकडे उतरली.

"तिथे काही नाही," ती म्हणाली. "नकाशात पडीक दाखवलंय. पडीक जमिनीवर ड्रोन जातच नाही."

"निवळीवाडी हुती ततं," आई म्हणाली. "दरडीच्या भ्यानं उठवली. समदी खाली ऱ्हायला गेली."

हर्षदा आणि मृण्मयी खिंडीतून वर चढल्या. कड्याच्या पलीकडे पाऊस कमी होता. डोंगर ढग अडवून धरतो, त्याच्या आडोशाला असं होतंच. खाली रिकामी घरं, पडलेल्या भिंती, आणि घरांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. त्या सगळ्या पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या. कारळा! वाडी उठली तेव्हा कुणीतरी तेलासाठी पेरलेल्या कारळ्याचं बी दरवर्षी आपलं आपणच सांडत, उगवत राहिलं होतं. बांधाबांधावर सोनकी फुलली होती. आणि त्या पिवळ्यावर, हलक्या उन्हात, विशूच्या पेटीतल्या माश्या गुणगुणत होत्या.

हर्षदा बांधावर बसली. तिच्या मनात एकच आलं. उन्हाळ्यात त्या भांडणाच्या दिवशी विशू परसातून कुठेतरी गेला होता, संध्याकाळी आला होता. त्यानेच तर हे बी टाकलं नसेल? हे त्याचंच काम असेल तर किती बरं होईल, त्याच्या सगळ्या रिकाम्या फेऱ्या एकदम भरून निघतील. तिने तिथूनच फोन लावला.

"मी?" विशू हसत सुटला. "ताई, मला कारळा आणि तीळ यातला फरक कळत नाही. त्या दिवशी मी ओढ्यावर झोपलो होतो."

तीही हसली. पण हसता हसता तिला कळलं की आपण अजूनही त्याच्या खात्यावर काहीतरी जमा शोधतोय. कुठून तरी काहीतरी मिळालं म्हणजे मग त्याला घरी बोलावता येईल, असं. तिची तिलाच लाज वाटली. विशूच्या पेटीतली जी पहिली माशी या कड्यावरून पलीकडे आली असेल, तिच्या आधी किती जणी कुठे कुठे जाऊन रिकाम्या परत आल्या असतील? पेटीने त्यांना दारात अडवलं असतं का?

"विशू," ती म्हणाली, "दिवाळीला ये."

"यायचं आहे गं. पण इथला हंगाम नुकता लागलाय, अजून हातात काही नाही. थोडं काहीतरी जमलं की—"

"काही आणू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे रिकामा ये. मी उन्हाळ्यात बोलले ते चुकीचं बोलले. मला माफ कर. तू नुसता ये."  मृण्मयी दूर जाऊन सोनकीचे फोटो काढायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या काड्यांनी एकच पत्ता नाचवला, कड्यापलीकडचा. विशूच्या माश्यांकडून उसना घेतलेला. शिस्तीचं चाक हर्षदाने अगदी खाली आणलं, मृण्मयी म्हणाली होती त्याच्याही खाली. पहिल्या उघडिपीला काही माश्या खिंडीकडे उडाल्या, दुपारी बऱ्याच जास्त. दोन-तीन पेट्या आणखी उठल्या, त्यांचं काही करता आलं नाही. बाकीच्या राहिल्या. दाराशी अळ्या पडायच्या थांबल्या. खोऱ्यातल्या बाकीच्या मधपाळांनाही हर्षदाने निवळीवाडीची वाट दाखवली, आणि ज्याच्या त्याच्या घरी एक पेटी काडीशिवाय ठेवायचं ठरलं. कारवीचा मध त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही.

पडद्यावर रिकाम्या फेऱ्यांचा रकाना रोज दिसायचा. हर्षदा तो बघायची आणि भटक्या पुन्हा फिरतायत, म्हणजे माश्या बऱ्या आहेत, म्हणून समाधानाने कामाला लागायची.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या गाडीने विशू आला. त्याने तिचं बोलणं अगदी शब्दशः पाळलं होतं. हातात पिशवीसुद्धा नव्हती. होती ती म्हणे महाडच्या थांब्यावर विसरली. फाटकाशी उभं राहून त्याने दोन्ही तळहात पुढे करून दाखवले आणि कसंनुसं हसला. केस वाढलेले, शर्टाला मासळीचा वास.

हर्षदा ओट्यावर पोळ्याच्या चौकटी पुसत बसली होती, आप्पा बसायचे त्याच जागी. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्यामागे जांभळाखाली त्याच्या पेटीशी माश्यांची ये-जा चालू होती. तिने का, कसं, किती दिवस, काही विचारलं नाही. आत तोंड केलं आणि म्हणाली,

"आई, चहा टाक. विशू आलाय."